घडणे, घडविणे आणि घडू देणे : मज्जानलिकेच्या अभ्यासाचा एक इतिहास

१

पृष्ठवंशीय प्राण्याच्या भ्रूणात मेंदू आणि मेरुरज्जू यांचे जे पहिले रूप दिसते ते एका साध्या नळीचे असते. भ्रूण प्रारंभी चपट्या पत्र्यासारखा असतो. त्याच्या पाठीकडील बाह्यस्तराचा मधला पट्टा जाड होतो; यास मज्जापट्ट म्हणावे. पुढे या पट्ट्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, मध्ये खाच पडते, कडा एकमेकींकडे झुकतात व अखेरीस जुळून नळी तयार होते. ही मज्जानलिका बाह्यस्तरापासून सुटी होऊन त्वचेखाली जाते. तिच्या पुढच्या टोकाचा मेंदू होतो व उरलेल्या भागाचा मेरुरज्जू. मनुष्याच्या गर्भात हे सारे गर्भधारणेनंतरच्या सुमारे २८ दिवसांत पुरे झालेले असते.

ही नळी कशी होते, या प्रश्नाचा इतिहास प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत प्रयोगांच्या क्रमाने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि त्या इतिहासाला एक भाषिक बाजूही आहे, व तिचा विचार भाषेच्या अभ्यासकाने करणे अप्रस्तुत ठरू नये. शास्त्रज्ञ प्रयोग हाताने करतो, परंतु त्याचा अर्थ त्याला वाक्यात मांडावा लागतो. वाक्याला क्रियापद लागते, आणि क्रियापद निवडताक्षणीच कर्ता कोण व कर्म कोणते हेही बव्हंशी ठरून जाते. मराठीत ‘घडणे’, ‘घडविणे’ आणि ‘घडू देणे’ अशी एकाच धातूची तीन रूपे आहेत. मज्जानलिकेविषयीच्या आधुनिक विचाराचे तीन कालखंड या तीन रूपांनी ओळखता येतात, इतकेच नव्हे, तर मधल्या कालखंडात संशोधनाची जी दीर्घ कोंडी झाली तिचे एक कारण क्रियापदाच्या अर्थात सापडते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

‘मज्जानलिका’ या संज्ञेविषयी प्रथम दोन शब्द. अलीकडे ‘तंत्रिका’ हा शब्द अधिक रूढ झाला असला, तरी येथे जुना ‘मज्जा’ शब्द हेतुतः ठेवला आहे. एकोणिसाव्या शतकातील जर्मन भ्रूणशास्त्रज्ञ या नळीला ‘मेड्युलारोर’ म्हणत; त्यातील लॅटिन ‘मेड्युला’ म्हणजे हाडातील मगज. संस्कृत ‘मज्जन्’ चाही अर्थ तोच. त्याच मूळ इंडो-युरोपीय शब्दापासून रशियन भाषेत मेंदूवाचक ‘मोझ्ग’, फारसीत ‘मग्ज’ आणि इंग्रजीत ‘मॅरो’ हे शब्द आले. फारसी शब्द तर ‘मगज’ होऊन मराठीतही नांदतो आहे. हाडाच्या पोकळीत भरलेला मऊ पदार्थ, मग तो पाठीच्या कण्यातला असो वा कवटीतला, एकाच नावाने ओळखावा, ही कल्पना इतकी जुनी आहे.

२

अंड्यातील पिलू दिवसागणिक कसे वाढते हे अंडी क्रमाने फोडून पाहण्याची पद्धत ॲरिस्टॉटलने वर्णिली आहे. त्याला तिसऱ्या दिवशी स्पंदन पावणारे हृदय दिसले व तोच आद्य अवयव असे त्याने ठरविले. नुसत्या डोळ्यांना याहून अधिक दिसणे कठीण होते. इटालियन वैद्य मार्चेल्लो मालपिघी याने सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने केलेले कोंबडीच्या भ्रूणाचे वर्णन १६७३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केले. पाठीवरील दोन वळ्या व त्यांमधील खाच त्याच्या चित्रांत ओळखता येते. परंतु चित्र काढणे वेगळे आणि त्या खाचेचीच पुढे नळी होते हे जाणणे वेगळे.

ती जाणीव सपाट थरांच्या कल्पनेतून आली. कास्पार फ्रीड्रिख वोल्फ याने १७६८-६९ च्या सुमारास कोंबडीचे आतडे प्रथम सपाट पत्र्यासारखे असते व तो पत्रा दुमडून त्याची नळी होते असे दाखविले. १८१७ साली ख्रिस्टियान पांडर याने भ्रूणाचे थर वेगळे ओळखले. त्याचा मित्र कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर याने १८२८ च्या आपल्या ग्रंथात हा विचार सर्व पृष्ठवंशीयांना लागू केला आणि थरांच्या घड्यांतून नळ्या व नळ्यांतून अवयव असा क्रम मांडला. पुढे १८५० च्या दशकात बर्लिनच्या रॉबर्ट रेमाक याने थरांची नीट फोड केली, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. त्वचा आणि मज्जासंस्था ही दोन्ही एकाच बाह्यस्तराची अपत्ये ठरली. मग एकाच थराच्या मधल्या पेशींनी मेंदू व्हावे आणि कडेच्या पेशींनी कातडी व्हावे, हे कशामुळे? पुढील सगळा इतिहास या प्रश्नाच्या उत्तरांचा आहे.

३

पहिले उत्तर ‘घडणे’ या क्रियापदाचे होते. विल्हेल्म हिस हा स्विस शरीरशास्त्रज्ञ प्रथम बाझेलला व नंतर लाइपझिगला प्राध्यापक होता. १८७४ साली त्याने एका निसर्गशास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे की, भ्रूण हा लवचीक पत्रा आहे. त्याचे सर्व भाग सारख्या वेगाने वाढत नाहीत. जो भाग अधिक वेगाने वाढतो त्याला जागा अपुरी पडून घडी पडते. नळी होण्यास याहून निराळ्या कारणाची गरज नाही. आपले म्हणणे पटविण्यासाठी त्याने रबरी नळीसारख्या नित्याच्या वस्तूंचे दाखले दिले.

एर्न्स्ट हेकेल याने या मताची कठोर थट्टा केली. हेकेलच्या मते भ्रूणाच्या रूपाचे खरे कारण त्याच्या पूर्वजांचा इतिहास हे होते. रबराच्या उपमेने एवढ्या थोर प्रक्रियेचा उलगडा व्हावा हे त्याला असह्य वाटले. आज मागे वळून पाहता हा वाद ‘कारण’ या शब्दाच्या दोन अर्थांतील होता असे दिसते. हेकेल ‘कोठून’ असे विचारीत होता, हिस ‘कशाने’ असे विचारीत होता.

हिसच्या प्रश्नाला प्रयोगाची जोड विल्हेल्म रू याने दिली. १८८५ साली त्याने कोंबडीच्या भ्रूणातील मज्जापट्टाचा तुकडा कापून कोमट क्षारजलात ठेवला. बाजूच्या भागांचा दाब नसतानाही पट्टा गुंडाळला जातो, असे त्याला आढळले. घडी घालणारे बळ बाहेरून येत नाही, ते पट्ट्याच्या आतच आहे, हा त्याचा निष्कर्ष होता. अकर्मक क्रियापदाचा हा विजय होता : नळी घडते.

परंतु यात एक गोष्ट अनुत्तरित राहिली. मज्जापट्ट एकदा झाल्यावर त्याची नळी आपोआप होते हे खरे. पण बाह्यस्तराचा तेवढाच भाग मज्जापट्ट का झाला?

४

या प्रश्नाला हात घालणारा पहिला प्रयोग अमेरिकेत १९०७ साली वॉरेन लुइस याने केला. बेडकाच्या भ्रूणात ज्या छिद्रातून पेशी आत शिरतात त्याच्या वरच्या ओठाचा तुकडा त्याने दुसऱ्या भ्रूणात रोविला. त्या जागी नवी रचना झाली. परंतु दाता आणि ग्राहक एकाच जातीचे व एकाच रंगाचे असल्यामुळे ती कोणाच्या पेशींची हे ओळखणे अशक्य होते. रोवलेल्या तुकड्यानेच ती केली असे त्याने गृहीत धरले. वाक्य पूर्ण होते. कर्ता मात्र अनुमानाने बसविलेला होता.

फ्रायबुर्ग येथे हान्स श्पेमान याच्या मार्गदर्शनाखाली प्रबंधासाठी काम करणाऱ्या हिल्डे मांगोल्ड यांनी नेमकी हीच उणीव दूर केली. १९२१ व १९२२ या दोन हंगामांत त्यांनी न्यूट या शेपटीधारी उभयचराच्या दोन जाती वापरल्या. एकीचे भ्रूण फिकट, दुसरीचे गडद. फिकट भ्रूणाचा ओठ त्यांनी गडद भ्रूणाच्या पोटाकडील बाजूस रोविला. थोड्याच भ्रूणांत प्रयोग साधला, परंतु जेथे साधला तेथे पोटावर दुसरी मज्जानलिका व तिच्यासोबत दुसऱ्या शरीराचा बराचसा आराखडा उमटला. आणि रंगावरून स्पष्ट दिसले ते हे, की त्या नव्या नळीतील बहुतेक पेशी गडद, म्हणजे ग्राहक भ्रूणाच्या होत्या. ज्या पेशींची पोटाची कातडी व्हायची त्यांची मज्जानलिका झाली होती.

१९२४ साली श्पेमान व मांगोल्ड यांच्या नावे निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात, अवघ्या २५ वर्षांच्या असताना, हिल्डे मांगोल्ड यांचा घरातील शेगडीच्या अपघातात भाजून मृत्यू झाला. श्पेमान याला १९३५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रोवलेल्या तुकड्याला श्पेमान याने ‘ऑर्गानिझाटोर’, म्हणजे संघटक, असे नाव दिले व त्याच्या कार्याला ‘प्रवर्तन’ म्हटले. क्रियापद बदलले. आता नळी घडत नव्हती. संघटक ती घडवीत होता.

येथे थोडा व्याकरणाचा विचार आवश्यक आहे. मराठीत ‘-विणे’ या प्रत्ययाने दोन निराळ्या जातींचे अर्थ व्यक्त होतात. ‘कुंभार मडके घडवितो’ या वाक्यात मातीला स्वतःची क्रिया नाही. रूप कुंभाराच्या मनात असते आणि हातांतून मातीत उतरते. ‘आई मुलाला चालविते’ हे वाक्य बाह्यतः तसेच दिसते. परंतु तेथे चालण्याची क्रिया मुलाची आहे. पाय मुलाचे, तोल मुलाचा. आई केवळ प्रयोजक. हिल्डे मांगोल्ड यांच्या गडद पेशींनी जे दाखविले ते दुसऱ्या प्रकारचे होते. नळी ग्राहकाच्या पेशींनी स्वतः केली होती. परंतु ‘संघटक’ हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात पहिले चित्र उभे करतो. रूप जणू संघटकाजवळ आहे आणि तो ते मुक्या पेशींवर उमटवितो. निष्कर्ष एका वाक्याचा होता, शोध मात्र दुसऱ्या वाक्याचा सुरू झाला.

५

संघटकाच्या अंगी असे कोणते द्रव्य आहे, याचा शोध लगेच हाती घेण्यात आला. १९३२ साली बाउट्समान, होल्टफ्रेटर, श्पेमान आणि ओटो मांगोल्ड यांनी मारलेल्या संघटकाचे प्रयोग प्रसिद्ध केले. उष्णतेने वा अन्य उपायांनी पेशी मारल्या तरी त्या तुकड्याचा प्रभाव टिकून राहतो, असे आढळले. याचा अर्थ कारण रासायनिक आहे असा घेतला गेला, आणि तो चुकीचा नव्हता. पण पुढे योहानेस होल्टफ्रेटर याने नाना प्राण्यांच्या नाना अवयवांचे तुकडे वापरून पाहिले, तेव्हा प्रौढ प्राण्यांच्या यकृतासारख्या ऊतींनीही मज्जापेशी उत्पन्न होतात असे दिसले. केंब्रिजच्या कॉनरॅड वॉडिंग्टन याने कोंबडी व बदक यांच्या भ्रूणांतही संघटक असल्याचे दाखविले होते. त्याने जोसेफ नीडहॅम व झां ब्राशे यांच्यासह १९३६ साली मेथिलीन ब्ल्यू या रंगद्रव्यानेही असाच परिणाम होतो असे नोंदविले. या रंगद्रव्याचा सजीव भ्रूणाशी कसलाही संबंध नाही. १९४१ साली लेस्टर बार्थ याला आणि त्यानंतर होल्टफ्रेटरला असे दिसले की, काही सॅलॅमँडरांच्या बाह्यस्तराचा तुकडा नुसत्या क्षारजलात ठेवला तरी तो कधी कधी मज्जापेशींकडे वळतो.

कुंभाराच्या वाक्यात या निरीक्षणांना जागा नव्हती. ज्याच्या त्याच्या हातून मडके होत असेल, तर कुंभार या शब्दाला अर्थ काय उरला? परिणामी अनेक वर्षे ही निरीक्षणे अडचण मानली गेली. क्षेत्राविषयी निराशा पसरली. वस्तुतः ती अडचण नसून उत्तर होते. भलत्यासलत्या धक्क्यानेही बाह्यस्तर मज्जेकडे वळतो, याचा सरळ अर्थ असा की, वळण्याची प्रवृत्ती त्याच्यातच आहे. वॉडिंग्टनला याची जाणीव होती. ग्राहक पेशींच्या तयारीसाठी त्याने ‘सक्षमता’ ही संज्ञा रूढ केली आणि संघटकाच्या कार्यासाठी ‘आवाहन’ या अर्थाचा सौम्य शब्द सुचविला. परंतु ‘संघटक’ हे नामच लोकांच्या तोंडी राहिले.

वॉडिंग्टन पुढे एडिंबराला गेला, आणि तेथे या परंपरेचा धागा महाराष्ट्रापर्यंत आला. एडिंबरा येथे संशोधन केलेल्या लीला मुल्हेरकर यांचा कोंबडीच्या भ्रूणातील प्रवर्तनाविषयीचा निबंध १९५८ साली इंग्लंडमधील भ्रूणविज्ञानाच्या प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे पुणे विद्यापीठात त्यांनी कोंबडीच्या भ्रूणावरील प्रायोगिक संशोधनाची परंपरा रुजविली.

६

कोंडी फुटली ती १९८९ नंतर. त्या वर्षी होर्स्ट ग्रुन्त्स आणि लोथार टाके यांनी आफ्रिकी बेडकाच्या भ्रूणातील बाह्यस्तराच्या पेशी एकमेकींपासून सुट्या करून काही काळ तशाच ठेवल्या व मग एकत्र आणल्या. संघटकाचा स्पर्शही नसता त्या मज्जापेशी झाल्या. एकत्र असत्या तर त्यांची त्वचा झाली असती. अर्थात एकत्र असताना त्या एकमेकींना काही सांगत असल्या पाहिजेत, आणि जे सांगत होत्या ते ‘मज्जा होऊ नका’ असेच असले पाहिजे.

हा निरोप पोहोचविणारे प्रथिन पुढे ओळखले गेले. त्याचे नाव बीएमपी, म्हणजे अस्थिरूपजनक प्रथिन. १९६५ साली मार्शल युरिस्ट याने हाडाच्या भुकटीने नवे हाड उत्पन्न होते असे दाखविले होते, त्यावरून हे नाव पडले. भ्रूणाच्या बाह्यस्तरात मात्र ते हाड करीत नाही, त्वचा करविते आणि मज्जेला मज्जाव करते. १९९२ साली विल्यम स्मिथ व रिचर्ड हारलँड यांनी संघटकातून स्रवणारे नॉगिन हे प्रथिन शोधले. १९९४ साली योशिकी सासाई व त्याचे सहकारी यांनी एडी डे रॉबर्टिस याच्या प्रयोगशाळेत कॉर्डिन शोधले. त्याच वर्षी अली हेम्मती-ब्रिवानलू व डग्लस मेल्टन यांनी फॉलिस्टॅटिनचे असेच कार्य दाखविले. या प्रथिनांतून मज्जेचा आराखडा मिळत नाही. ती पेशींच्या बाहेरच बीएमपीसारख्या निरोप्यांना पकडतात आणि पेशींपर्यंत पोहोचू देत नाहीत. दोन नकार मिळून मूळचाच अर्थ उरतो, हा व्याकरणातील जुना संकेत. बाह्यस्तरात तो पेशींच्या पातळीवर प्रत्ययास येतो. १९९७ साली हेम्मती-ब्रिवानलू व मेल्टन यांनी हा सिद्धांत एका लेखात मांडला. अन्यथा सांगितले नाही तर पृष्ठवंशीयाच्या भ्रूणपेशी मज्जापेशीच होतात, असा त्याच्या शीर्षकाचा आशय होता.

शेतात दारे धरणारा माणूस पाटातील मातीचे ढेकूळ बाजूला करतो आणि पाणी वाफ्यात जाते. पाणी त्याने उत्पन्न केलेले नाही, उतारही त्याने दिलेला नाही. तथापि त्याच्यावाचून वाफा भिजत नाही. संघटकाचे कार्य या जातीचे आहे. त्याचे यथार्थ क्रियापद ‘घडविणे’ नसून ‘घडू देणे’ हे आहे.

७

याचा अर्थ तिसऱ्या क्रियापदाने पहिल्या दोहोंना रद्द केले असा मात्र नाही. २००० साली क्लॉडिओ स्टर्न याच्या गटातील आंद्रेआ श्ट्राइट हिने कोंबडीच्या भ्रूणात असे दाखविले की, मज्जेकडे जाण्याचा आरंभ संघटक तयार होण्यापूर्वीच एफजीएफ या दुसऱ्या संकेताने होतो. २००५ साली डे रॉबर्टिस याच्याच प्रयोगशाळेतून असे निष्पन्न झाले की, सुट्या केलेल्या पेशी मज्जेकडे वळतात त्यात नकार नाहीसा होणे एवढेच कारण नसते. पेशींतील एक संकेतमार्ग त्या वेळी प्रत्यक्ष जागा होतो. म्हणजे नुसते ढेकूळ काढून भागत नाही, थोडे पाणी मागून सोडावेही लागते. दुसरीकडे, त्याच २००५ साली बेडकाच्या भ्रूणात नॉगिन, कॉर्डिन व फॉलिस्टॅटिन ही तिन्ही एकदम निष्प्रभ केली असता मज्जापट्टच नाहीसा होतो असे दिसून आले. घडू देणारा गेला तर घडणेही थांबते.

आणि हिसचा लवचीक पत्राही परत आला आहे. पट्ट्याच्या पेशी वरच्या टोकाशी आकसून पाचरीसारख्या होतात, त्यामुळे पत्रा वाकतो. पेशी मध्यरेषेकडे सरकून एकमेकींत शिरतात, त्यामुळे पट्टा अरुंद व लांब होतो. १९९९ साली जेफ्री हिल्डब्रँड आणि फिलिप सोरियानो यांनी उंदरात ‘श्रूम’ हे प्रथिन वर्णिले. त्याच्या अभावी मेंदूच्या भागातील घड्या मिटत नाहीत आणि बाहेरच्या बाजूस उलगडलेल्या राहतात. हेकेलने ज्याची थट्टा केली तो प्रश्न आता प्रथिनांच्या नावांनिशी विचारला जातो. मज्जा व्हावे हे ठरणे एक, आणि त्या मज्जेची नळी होणे दुसरे. पहिल्याला ‘घडू देणे’ लागते, दुसऱ्याला ‘घडणे’.

८

हा विचार केवळ पारिभाषिक नाही. नळी पुरती मिटली नाही तर मूल दुभंगलेल्या कण्याचे वा कवटीविना जन्मते. असे मूल जन्मले की घरात पहिला प्रश्न ‘कोणामुळे?’ असा विचारला जातो, आणि वाक्यातील कर्त्याची रिकामी जागा बहुधा आईच्या नावाने भरली जाते. नळी २८ व्या दिवसापर्यंत मिटायची असते; त्या सुमारास पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोत हेही ठाऊक नसते. जी गोष्ट तिला माहीत नव्हती तिचे कर्तेपण तिच्यावर लादणे हे कुंभाराच्या वाक्याचे सर्वांत क्रूर रूप होय.

येथेही उत्तर ‘घडू देणे’ याच बाजूने आले. १९२८ पासून मुंबईत गिरणी कामगार स्त्रियांच्या गरोदरपणातील पांडुरोगाचा अभ्यास करणाऱ्या ल्यूसी विल्स यांनी १९३१ साली असे प्रसिद्ध केले की, यीस्टच्या अर्काने तो पांडुरोग बरा होतो. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले, म्हणून लॅटिन ‘फोलियम’, म्हणजे पान, यावरून त्याला नाव मिळाले. अर्ध्या शतकानंतर, १९९१ साली, ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ७ देशांतील ३३ केंद्रांत १,८१७ स्त्रियांनी तीत भाग घेतला होता; या सर्वांना पूर्वी नळीतील दोष असलेले मूल झालेले होते. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल दिलेल्या गटात या दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी कमी झाली.

फॉलिक आम्ल नळी घडवीत नाही. ते तिला मिटू देते. आणि ते गर्भधारणेच्या आधीच शरीरात असावे लागत असल्यामुळे, घडू देणारा कर्ता एकटी आई असू शकत नाही. १९९८ पासून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत धान्याच्या पिठात ते मिसळणे सक्तीचे झाले. त्या वाक्याचा कर्ता शासन, गिरणी आणि बाजार हा आहे.

क्रियापद बदलल्याने निसर्ग बदलत नाही, हे मान्यच आहे. परंतु आपण त्याला काय विचारतो आणि दोष कोणाला देतो, हे बदलते. श्पेमान व मांगोल्ड यांच्या निबंधाला २०२४ साली शंभर वर्षे पुरी झाली. ‘संघटक’ हा त्यांचा शब्द आजही पाठ्यपुस्तकांत आहे व तो तेथून काढून टाकण्याचे कारण नाही. मराठीत या विषयाची परिभाषा सिद्ध करताना मात्र त्या नामाशेजारी कोणते क्रियापद ठेवावयाचे, याचा विचार अभ्यासकांनी अवश्य करावा.